मालनच्या तीन जन्मतारखा

अर्जातले पहिले तीन रकाने भिमाजी गुरुजींनी एका दमात भरले. उमेदवाराचं नाव, वडिलांचं नाव, मुक्काम पोस्ट नेवासे. अक्षर असं की ते अर्जाला न लावता भिंतीला लावावं. चौथ्या रकान्यात जन्मतारीख विचारली होती. तिथे गुरुजींनी पेनाला टोपण लावलं आणि ते विचार करत बसले.

आता स्वतःच्या मुलीची जन्मतारीख लिहायला एखाद्या बापाने एवढा वेळ का घ्यावा, असं कुणालाही वाटेल. पण गुरुजींचा आणि जन्मतारखांचा संबंध साधा नव्हता. तेवीस वर्षं ते प्राथमिक शाळेत शिकवत होते, आणि पहिलीची नावं तेच दाखल करून घेत. जून महिन्यात शेतकरी पोराला खांद्यावरून शाळेत आणून उतरवायचा आणि गुरुजींनी जन्मतारीख विचारली की म्हणायचा, "आमची नवी हीर खांदली, त्या साली झालंय बघा." मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं. लागला की गुरुजी दाखल्याच्या वहीत लिहीत: जन्मतारीख, एक जून. वर्ष कानाच्या हिशेबाने. अशा रीतीने पंचक्रोशीतल्या बाराशे-तेराशे मुलांना आईबापांनी जन्म दिला होता आणि गुरुजींनी तारीख.

मालन शाळेत गेली तेव्हा तिला सहा वर्षं पुरी व्हायला थोडे महिने कमी होते. पण कान लागत होता. शिवाय गावाला एक तारीख आणि आपल्या मुलीला दुसरी, असा पक्षपात गुरुजींच्या हातून होणं शक्य नव्हतं. तीही एक जूनला जन्मली. सन एकोणीसशे पंचावन्न.

हे शाळेपुरतं ठीक होतं. पण हा अर्ज पुण्याच्या विज्ञानपीठाचा होता. सबंध देशातून साठ मुलं निवडायची, पाच वर्षं राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट. आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत. अर्ज मॅट्रिकच्याच वर्षी करायचा, आयुष्यात एकदाच. नेवासे तालुक्यातून तिथे आजवर कुणी गेलेलं नव्हतं. आणि मालनला एवढीच एक वाट मोकळी होती, कारण तिच्या मामाने श्रीगोंद्याकडचा साखर कारखान्यातला एक मुलगा हेरून ठेवला होता. गुरुजींच्या पत्नी भागूबाई यांनी तह करून टाकला होता: "नंबर लागला तर शिकंल. न्हाई लागला तर दिवाळीनंतर बार उडवायचा. मग मला कुनी कायदा सांगायचा न्हाई."

अर्जाच्या तळाशी छापलं होतं की वरील सर्व माहिती मी सत्याला स्मरून लिहीत आहे. तेवीस वर्षं मुलांना 'नेहमी खरे बोलावे' हे वाक्य शुद्धलेखनाला घालणाऱ्या माणसाला अशा वेळी घाम फुटणारच.

शेजारचे सूर्यभान तात्या कुंपणावरून सगळं बघत होते. तात्या निवृत्त तलाठी. कुणी कागद उलगडला की त्याचा वास त्यांना घरात बसून येई.

"कशावर आडलं, गुरुजी?"

"जन्मतारीख. शाळेत एक जून आहे. पण ती काही खरी नाही."

"मंग?"

"इथे सत्याला स्मरून लिहायचंय."

तात्यांनी कपाळाला हात लावला. "आवो, सरकारी कागदावर खरं ल्ह्यायचं नसतं, सारखं ल्ह्यायचं असतं. तीस वर्सं मी तेच केलं. एकदा एका मेलेल्या मानसाच्या नावावर सात वर्सं बाजरी दाखवली. पन सारखी दाखवली! कुनी बोट ठेवलं का?"

गुरुजींना हे पटलं नाही. मालन भाद्रपद शुद्ध नवमीची, एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. जुनी पंचांगं त्यांनी सुतळीने बांधून माळ्यावर ठेवली होती. त्या सालचं पंचांग झटकून त्यांनी मागेच एकदा तारीख काढून ठेवली होती. ती त्यांनी ठळक अक्षरात लिहिली: पंचवीस सप्टेंबर एकोणीसशे पंचावन्न. मनावरचा मोठा भार उतरला. माणूस खरं बोलला की त्याला किती हलकं वाटतं, यावर त्या दिवशी चौथीच्या वर्गाला अर्धा तास ऐकावं लागलं. त्यांचा तो तास खरा गणिताचा होता.

अर्जावरच्या फोटोवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागत होती. पण साल दुष्काळाचं. तालुक्यातले सगळे अधिकारी दुष्काळी कामांवर फिरत होते. तीन दिवस हेलपाटे घातल्यावर सरकारी गुरांचे डॉक्टर तेवढे छावणीवर सापडले. चारशे जनावरांच्या गराड्यात उभ्या उभ्या त्यांनी फोटो हातात घेतला, सवयीने सही ठोकली आणि सवयीनेच वर एक ओळ लिहिली. घरी येऊन गुरुजींनी चष्मा लावला तेव्हा ती वाचता आली: 'तपासले. साथीचा रोग आढळला नाही.' दुसरा फोटो काढायला नगरला जावं लागलं असतं. अर्ज तसाच गेला.

लेखी परीक्षा एप्रिलमध्ये नगरला झाली. मालन तीन तासांनी बाहेर आली ती सोळा प्रश्न सोडवून आणि एक सोडून. गुरुजींनी येताना एस.टी.त तो सतरावा प्रश्न मांडीवर घेतला. घोडेगावपर्यंत त्यांना उत्तर आलं. नेवासे फाट्यावर मालनने त्यातली चूक दाखवली. पुढचा रस्ता दोघंही रस्त्यावरची झाडं बघत होते, आणि त्या रस्त्याला झाडं फारशी नाहीत.

जूनच्या शेवटी पाकीट आलं. मालन लेखी परीक्षेत पास झाली होती. मुलाखत पंधरा जुलैला. तात्यांनी पेढे मागितले, भागूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, आणि मग मालनने दुसरं पान वाचलं.

दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की उमेदवाराला एक सप्टेंबर बहात्तर रोजी सतरा वर्षं पूर्ण हवीत. सोबत जोडलेल्या शाळेच्या दाखल्यात एक जून आहे, अर्जात पंचवीस सप्टेंबर. अर्जातली तारीख खरी असेल तर उमेदवार चोवीस दिवसांनी लहान असून अपात्र आहे. खऱ्या तारखेचा पुरावा मुलाखतीला आणावा.

 भागूबाई म्हणाल्या, "म्हंजी पोरगी पास झाली, आन् बाप नापास."

गुरुजींनी ते पान पुन्हा वाचलं.  सबंध देशाने जी मुलगी अडवली नाही, तिला त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात अडवून ठेवलं होतं.

तात्या कुंपण ओलांडून आत आले. हा मान ते फक्त मोठ्या प्रसंगाला देत. "सोपं हाय. एक जूनच खरी, असं लिहून द्या. आर्जात चुकलो म्हना."

"चुकलो कसं म्हणू? एक जून खोटी आहे."

"मंग ती खोटी म्हना!"

हे मात्र तात्यांनी फार मोठ्याने म्हटलं. संध्याकाळपर्यंत गावात बातमी झाली की गुरुजी शाळेची वही खोटी म्हणून कोर्टात लिहून देणार आहेत. आणि दिवेलागणीला ओट्यावर माणसं जमली. मच्छिंद्र फौजेत होता, सुट्टीवर आला होता. त्याने बूट काढून गुरुजींच्या पाया पडून विचारलं, "गुरुजी, माझी एक जून ऱ्हाऊ द्याल ना? न्हाईतर मी भरतीच्या दिवशी सोळाचा हुतो." छगन पोस्टात लागला होता. त्याचं म्हणणं, त्याची तारीख बदलायचीच असेल तर पुढे सरकवावी, म्हणजे पेन्शन दोन वर्षं लांब जाईल. एका म्हातारीला तिच्या नातवाची खरी वेळ हवी होती, पत्रिकेसाठी. गुरुजी प्रत्येकाला सांगत होते की मी कुणाच्या तारखेला हात लावणार नाही. पण बारा-तेराशे माणसं एकदम जन्माला घातली की त्यांचं पुढे काहीतरी देणं लागतंच, हे त्यांना त्या दिवशी उमगलं.

मग पुरावा शोधायला गुरुजी आणि भागूबाई त्यांच्या माहेरी, श्रीगोंद्याजवळच्या खेड्यात गेले. मालनचा जन्म तिथला. गावकामगार पाटलाकडे जन्ममृत्यूची वही होती. त्याने ती फडक्यातून मोठ्या अदबीने सोडली. पंचावन्न सालच्या पानांना जानेवारी ते जुलै काही झालेलं नव्हतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर वाळवीने बारकाईने वाचून काढले होते. नोव्हेंबरपासून पुढे पुन्हा सगळं ठीक.

गुरुजी पारावर डोक्याला हात लावून बसले.  भागूबाई म्हणाल्या, "दगडाबाईकडं चला."

"कोण दगडाबाई?"

"सुईन. तिनंच सोडवलं मला."

"तिला काय तारीख ठाऊक असणार?"

"तिला इचारा. मी सांगितलं तर तुमाला खरं वाटायचं न्हाई."

दगडाबाई अंगणात शेंगा फोडत होती. वय सत्तरच्या पुढे, ऐकायला कमी, म्हणून आवाज जास्त. गुरुजींनी विचारलं, "आजी, आमची मालन झाली तो दिवस आठवतो का?"

"न आठवाया काय झालं!" दगडाबाई ओरडली. शेजारच्या दोन अंगणांतल्या बाया उठून कुंपणाशी आल्या. "धोंड्याचा म्हैना न्हवता का! जावई धोंडे जेवाय आलं हुतं!"

गुरुजींच्या कपाळावर आठी पडली. त्या साली अधिक महिना आला होता, हे खरं. तीन वर्षांनी एकदा येणारा हा जास्तीचा महिना. त्या महिन्यात सासुरवाडीला जावयाला बोलावतात आणि पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, तेही खरं.

"अधिक महिना कोणता होता त्या साली?" त्यांनी सावकाश विचारलं.

"भादवा!" दगडाबाई म्हणाली. "दोन भादवे हुते. तुमी पयल्यात आला."

आणि तिने सगळं सांगितलं. जावई ओसरीवर पंगतीला बसले. पुरणाचे धोंडे वाढले. मास्तर नको म्हणेनात, सासूबाई वाढायच्या थांबेनात. दोन तासांनी आत भागूबाईंच्या पोटात दुखायला लागलं आणि ओसरीवर मास्तरांच्या. दगडाबाईला कळेना आधी कुणाकडे जावं. "आत पोरगी झाली, तिची नाळ कापली, आन् भाईर येऊन जावयाला ववा दिला. पोरगी रडत हुती तवा मास्तर जास्त रडत हुतं!"

कुंपणाशी एव्हाना नऊ बाया होत्या. त्यांतली एक हसता हसता खाली बसली.

गुरुजींना आठवलं. गेली सतरा वर्षं त्यांनी ती आठवण फार व्यवस्थित गुंडाळून ठेवली होती. मिताहारावर त्यांचा एक पाठच होता, तो ते दरवर्षी दुसरीला शिकवीत. पुढे सगळं उलगडत गेलं. मागे तारीख काढताना त्यांनी ते जुनं पंचांग उघडलं होतं. नवमी लक्षात होती. पण अधिक महिन्याचं पान शुभकार्याला लागत नाही, म्हणून हाताच्या सवयीने त्यांनी ते उलटलं आणि दुसऱ्या भाद्रपदातली नवमी धरली. पंचवीस सप्टेंबर! खरी नवमी महिनाभर आधीची, सव्वीस ऑगस्ट. म्हणजे एक सप्टेंबरला मालनला सतरा वर्षं पूर्ण होत होती आणि वर सहा दिवस शिल्लक राहत होते.

"हे तू इतके दिवस बोलली का नाहीस?" त्यांनी भागूबाईंना विचारलं.

"मला कुनी इचारलं?" भागूबाई म्हणाल्या. "तुमी सत्याला स्मरून लिवत हुता."

आता ही हकिगत प्रतिज्ञापत्रावर आणणं भाग होतं. नगरला कोर्टाच्या आवारात लिंबाखाली टंकलेखक बसत. त्यांतल्या एकाने टाईपरायटरला कागद लावला आणि मजकूर सांगायला सांगितलं. गुरुजींनी शक्य तितक्या शास्त्रीय भाषेत सांगितला: सदर अधिक मासी मी श्वशुरगृही गेलो असता आहारातील अतिरेकामुळे अस्वस्थ झालो, त्याच दिवशी कन्यारत्न झाले.

"आहारातला अतिरेक म्हंजी काय?" टंकलेखकाने विचारलं. "आकडा घाला, गुरुजी. आकडा नसला की कागद हलका पडतो. साहेब आकडा बघतात."

गुरुजींनी आजूबाजूला बघितलं. आपापल्या खटल्यांच्या चिंतेत बसलेली दहाबारा माणसं चिंता सोडून ऐकत होती.

"अठरा," ते हळूच म्हणाले.

"काय अठरा?"

"धोंडे."

"अठरा धोंडे," टंकलेखक मोठ्याने म्हणत गेला आणि एकेक अक्षर टाईपरायटरवर आपटत गेला, "भ-क्ष-ण केल्याने." एकजण म्हणाला, "पुरनाचे का?" दुसरा म्हणाला, "तसं ल्ह्या की, पुरनाचे. वजन येतं." तेही लिहिलं गेलं. सोबत आणलेल्या दगडाबाईने खाली अंगठा दिला. वजन खरंच आलं होतं.

पंधरा जुलैला गुरुजी आणि मालन पुण्याला विज्ञानपीठाच्या लांबलचक व्हरांड्यात बसले होते. आजूबाजूला टाय लावलेली मुलं इंग्रजीत बोलत होती. मालनने दोन वेण्यांना रिबिनी बांधल्या होत्या. गुरुजींनी धुवट टोपी घातली होती आणि प्रतिज्ञापत्राची पिशवी पोटाशी धरली होती. तिचं नाव पुकारलं. ती आत गेली. दार अर्धं उघडं राहिलं.

आत पाच माणसं होती. मधले अध्यक्ष पांढऱ्या केसांचे. कडेच्या दक्षिणेकडच्या प्राध्यापकांनी प्रश्न विचारला, अध्यक्षांनी तो मराठीत सांगितला: एका वर्गात चाळीस मुलं आहेत. त्यांतल्या निदान दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याचा संभव किती?

मालन चटकन म्हणाली, "शंभर टक्के, सर."

प्राध्यापकांनी मान हलवली. "विचार कर. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट."

"आमच्या शाळेत एकच, सर. एक जून. चाळीसच्या चाळीस."

 अध्यक्षांनी चष्मा काढला. मालनने डोक्यावरून हात नेऊन कान धरून दाखवला आणि तारीख कशी पडते ते समजावून सांगितलं. अध्यक्षांनी ते प्राध्यापकांना इंग्रजीत सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग मालन म्हणाली, "पण गुरुजी नसलेल्या शाळेत वेगळं येईल," आणि फळ्याकडे जाऊन चाळीस मुलांचं खरं गणित मांडायला लागली. या गणितात तिची चूक काढायला बाहेर बसलेल्या गुरुजींकडे काहीच नव्हतं.

थोड्या वेळाने गुरुजींना आत बोलावलं.

अध्यक्षांच्या हातात प्रतिज्ञापत्र होतं. ते त्यांनी एकदा मनात वाचलं, मग एकदा मोठ्याने वाचलं, मग बाकीच्या चौघांना धोंडा म्हणजे काय ते सांगितलं. गुरुजी खाली मान घालून उभे होते. शाळेत ज्या मुलांना त्यांनी आजवर असं उभं केलं होतं, त्या सगळ्यांचे चेहरे त्यांना ओळीने आठवत होते.

"मास्तर," अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले, "एक तारीख शाळेची, एक तुम्ही लिहिलेली, ही तिसरी. आता ही खरी कशावरून? मुलीचा प्रवेश व्हावा म्हणून कोणीही बाप असा कागद करून आणील. यात लिहिलेलं सगळं खरं आहे?"

मालनने बापाकडे बघितलं. 'आहे' एवढं म्हणायचं होतं. एकच शब्द. पाच वर्षांचं शिक्षण त्या शब्दापलीकडे उभं होतं, आणि अलीकडे श्रीगोंद्याचा साखर कारखाना.

गुरुजींनी टोपी काढून पुन्हा घातली.

"सगळं नाही, साहेब," ते म्हणाले.

मालनने डोळे मिटले.

"तारीख खरी आहे. पण धोंडे अठरा नव्हते. बावीस होते. कोर्टात गर्दी होती, म्हणून चार कमी सांगितले."

 अध्यक्षांनी गुरुजींकडे बराच वेळ बघितलं. मग त्यांनी पेन उघडलं, प्रतिज्ञापत्रातला अठरा खोडून बावीस केला, शेजारी आपली सही केली आणि कागद बाकीच्यांकडे सरकवला.

"ज्यांना चार धोंडे दडवता येत नाहीत," ते इंग्रजीत म्हणाले, "ते मुलीचं वय काय दडवणार?" आणि मालनकडे वळून मराठीत म्हणाले, "एक सप्टेंबरला वसतिगृहात हजर राहायचं. येताना अंथरूण घेऊन ये."

परतीच्या एस.टी.त गुरुजी ताठ बसले होते. शिरूर मागे पडल्यावर मालन म्हणाली, "अण्णा."

"काय गं?"

"आई तर सत्तावीस म्हणते."

गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"वरचे पाच तुझ्या आईसाठी झाकून ठेवले होते," ते म्हणाले. "ते मी पंगतीत धरत नाही."